ग्रहण पाहणारी पिढी

७ सप्टेंबर २०२५ हा रविवार होता आणि भाद्रपद पौर्णिमा होती. त्या रात्री संपूर्ण भारतातून दिसणारे खग्रास चंद्रग्रहण होते. निवासी शाळेत रविवारी पालकांचे फोन येतच असतात. त्या दिवशी मात्र सकाळपासून फोनचा विषय एकच होता. एका आईने कळवळून सांगितले, "सर, दुपारपासूनच वेध लागत्यात म्हणं. पोरीला रातचं जेवाया देऊ नका. आन् गच्चीवर तर नेऊच नका, आत्ताच तापातून उठलीया ती." एका वडिलांनी विचारले, की पाण्याच्या टाकीत तुळशीची पाने टाकण्याची काही व्यवस्था आहे का. ही दोन्ही घरे आम्ही पाहिली आहेत. दोन्ही घरांच्या दर्शनी भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा आहेत.

आम्ही त्या माउलीला एवढेच सांगितले, की जेवण सर्वांना नेहमीच्या वेळी मिळेल आणि गच्चीवर यायचे की नाही ते मुलगी स्वतः ठरवील.

रात्री आठला जेवणे झाली. आकाशात पावसाळी ढग होते. ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राच्या कडेला पृथ्वीच्या दाट छायेचा स्पर्श झाला; ढग सरकत तेव्हा कडेचा काळा भाग वाढत गेलेला दिसे. अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण छायेत गेला आणि विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस दिसू लागला. अंगाभोवती चादर गुंडाळून ती मुलगीही वर आली होती. चंद्रावर पडते ती आपल्या पृथ्वीची सावली, हे समजावून सांगितल्यावर तिने विचारले, "सर, मग त्या सावलीत मीपण आहे का?"

आहेस, असे आम्ही म्हणालो. इतिहास शिकवण्यात आमची सारी उमेद गेली, पण सावलीविषयी इतका नेमका प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. शाळेच्या या स्मरणिकेसाठी काय लिहावे, याचे उत्तर आम्हाला त्या प्रश्नाने दिले.

आमच्या समाजाचा आणि ग्रहणाचा संबंध जुना आहे. ग्रहण लागले, की एका बाजूला स्नान, जप आणि दक्षिणा यांची लगबग चाले, तर दुसऱ्या बाजूला गावकुसाबाहेरच्या वस्तीतून माणसे बाहेर पडत आणि "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी देत घरोघर फिरत. बहुतेक ठिकाणी ही आरोळी मातंग समाजाच्या वाट्याला आलेली होती, काही ठिकाणी महारांच्याही. चंद्र-सूर्यांना गिळणाऱ्या राहू-केतूंचे नाते लोकसमजुतीने अस्पृश्यांशी जोडून टाकले होते. आकाशात काळोख पसरवणारा तोही अस्पृश्य आणि त्याचे मन वळवण्यासाठी ज्याला जुनेर व पसाभर धान्य द्यायचे तोही अस्पृश्य, अशी ही मांडणी होती. आमची आजी लहानपणी थोरांबरोबर अशी फिरली होती. ती सांगे, "गिराण लांबलं की आमाला बरंच वाटायचं. सूप भरायचं ना." उपाशी लेकराला ग्रहण लांबावे असे वाटणे, याहून त्या व्यवस्थेचा अधिक नेमका पुरावा इतिहासाच्या शिक्षकाला कोणता हवा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर आमच्या वस्तीतून ती आरोळी थांबली. मात्र १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी त्याच आजीने आम्हा भावंडांना घरात कोंडले, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि पाण्याचे हंडे झाकून ठेवले. त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा कर्नाटकातून कारवार, हुबळी, रायचूर असा गेला होता. आम्हाला तो सूर्य खंडग्रास का होईना, दिसू शकला असता. दिसली ती फक्त चिंध्यांची फट. दान मागणे आम्ही सोडले होते. भय सोडले नव्हते. पंचेचाळीस वर्षांनंतर आलेले ते फोन सांगतात, की ते आजही पुरते सुटलेले नाही. आमचे म्हणणे असे, की हे भय भाषणांनी जात नाही, पाहण्याने जाते. आणि पाहण्याची सवय लावण्याची सर्वांत योग्य जागा म्हणजे आपल्या वसतिगृहाची गच्ची होय.

ग्रहणात असते तरी काय? प्रकाशाच्या वाटेत एक गोल येतो आणि त्याची सावली दुसऱ्यावर पडते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करते, म्हणून प्रत्येक पौर्णिमेला अथवा अमावास्येला ग्रहण होत नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन बिंदूंत छेदतो, त्या बिंदूंजवळ पौर्णिमा किंवा अमावास्या घडली तरच ग्रहण होते. पंचांगकर्ते ज्यांना राहू आणि केतू म्हणतात, ते हेच दोन बिंदू. त्यांना तोंड नाही, पोट नाही आणि जातही नाही.

हे आपल्या देशात फार पूर्वीपासून ठाऊक होते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये 'आर्यभटीया'त लिहून ठेवले, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते. सहाव्या शतकातील वराहमिहिरानेही हेच कारण दिले. पण त्याच ग्रंथात ग्रहणाची शुभाशुभ फळेही सांगितली. इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्ताचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्याचे ग्रहणगणित छायेवर उभे होते, तरीही राहू मानणाऱ्या परंपरेचा पक्ष घेऊन त्याने आर्यभटादिकांना दोष दिला. चारशे वर्षांनी हे वाचून अल्बेरुनीला नवल वाटले. एवढ्या मोठ्या गणितज्ञाने स्वतःच्या सद्सद्विवेकाविरुद्ध असे का लिहावे, असा प्रश्न त्याने केला आणि सॉक्रेटिसावर आली तशी आपत्ती टाळण्यासाठी तर नव्हे, अशी शंकाही नोंदवली. ज्ञान नव्हते म्हणून राहू टिकला, असे म्हणता येत नाही. ज्ञान मूठभरांजवळ गणितासाठी राहिले आणि भय सर्वांना वाटून दिले गेले. आजही तसेच चालते. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरले, तेव्हा आपली सारी मुले दूरदर्शन संचासमोर बसून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पडद्यावर राशिभविष्य होते आणि त्यात चंद्र कोणाला अनिष्ट आहे तेही होते.

दुसऱ्यांच्या ग्रंथांची अशी तपासणी करणाऱ्याने स्वतःच्या ग्रंथांपाशी थांबता कामा नये. संयुत्तनिकायात चन्दिमसुत्त आणि सुरियसुत्त अशी दोन लहान सुत्ते आहेत. त्यांत राहू चंद्राला आणि सूर्याला धरतो आणि भगवंतांच्या सांगण्यावरून सोडून देतो. राहू आमच्याही ग्रंथांत आहे, हे आपण विद्यार्थ्यांपासून लपवू नये. कालामसुत्ताने आपल्याला दिलेली कसोटी परंपरेला लागू होते तशी ग्रंथालाही होते, मग तो ग्रंथ आपला का असेना. या कसोटीवर त्या कथेकडे त्या काळची लोककथा म्हणून पाहावे आणि पुढे जावे.

पुढे गेल्यावर मात्र आपल्याच साहित्यात दोन गोष्टी सापडतात, त्या अधिक मोलाच्या आहेत. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात हीन विद्यांची लांबलचक यादी आहे. चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, त्याचे फळ असे असे मिळेल, असे सांगून पोट भरणे हे त्या यादीत आहे आणि भिक्खूने त्यापासून दूर राहावे असे सांगितले आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात याच्या जोडीला ठेवावी अशी एक कथा आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंना चोरांनी विचारले, की आज कोणते नक्षत्र आहे आणि ही कोणती दिशा आहे. त्यांना सांगता येईना. हे कसले भिक्खू, म्हणून चोरांनी त्यांना मारहाण केली. त्यानंतर अरण्यवासी भिक्खूंनी नक्षत्रे आणि दिशा शिकून घ्याव्यात असा नियम झाला. नक्षत्रांवरून भविष्य सांगणे निषिद्ध आणि नक्षत्रे ओळखणे कर्तव्य! आकाशदर्शनाच्या छंदाला यापेक्षा नेमके मार्गदर्शक सूत्र कोणत्या मंडळाकडे असेल असे आम्हाला वाटत नाही.

आता पुन्हा सावलीकडे येऊ. पेशवाईतील पुण्याविषयी इतिहासग्रंथांत एक नोंद वारंवार येते. दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी महार-मांगांना शहराच्या वेशीच्या आत मज्जाव होता, कारण त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती सवर्णांच्या अंगावर पडण्याचा धोका असतो. आम्ही हा उतारा वर्षानुवर्षे वर्गात वाचून दाखवत आलो. काही वर्षांपूर्वी मुलांनी मैदानावर काठी रोवून सावली मोजली, तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला नव्याने कळला. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास पुण्याच्या अक्षवृत्तावर सूर्याच्या वेळेने नऊ आणि तीन वाजता सूर्य क्षितिजाच्या वर सुमारे ४२ अंशांवर असतो. म्हणजे सावली माणसाच्या उंचीहून किंचित लांब असते. नऊपूर्वी आणि तीननंतर ती वाढतच जाते. ज्या समाजाला शाळा बंद होती, त्या समाजाच्या सावलीची लांबी मात्र नियम करणाऱ्यांनी अशी बारकाईने पाहिली होती.

याच सूर्याचा दुसरा प्रयोग मे महिन्यात करता येतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या आपल्या प्रदेशात वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. कोल्हापुरात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्यास आणि नागपुरात अखेरच्या आठवड्यात. त्या क्षणी पाटलाची सावली पडत नाही आणि महाराचीही पडत नाही. मे महिन्यात आपली मुले सुटीवर आपापल्या गावी असतात, हे आमच्या दृष्टीने चांगलेच आहे. अंगणात एक तांब्या उपडा ठेवून मुलाने हा प्रयोग आई-वडिलांना आणि शेजाऱ्यांना दाखवावा. विटाळाच्या इतिहासावरील आमच्या दहा तासिकांनी जे होत नाही, ते कदाचित त्या एका दुपारी होईल.

यावर आमचे काही सहकारी आणि माजी विद्यार्थी एक आक्षेप घेतात. तो आम्ही हलका मानत नाही. ते म्हणतात, आपल्या मुलांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, दहावीनंतर शहरात राहायला जागा मिळत नाही, स्पर्धा परीक्षेची पुस्तके मिळत नाहीत; अशा वेळी आकाशदर्शन हा भरल्या पोटाचा छंद नव्हे काय? चणचण खरी आहे. परंतु छंद पोट भरलेल्यांनीच जोपासावा, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना आकाश परके नव्हते. गावाची राखण करणारा, खळ्यावर जागलीला असणारा माणूस तिकांड्याकडे पाहून रात्र किती उरली ते सांगे. सप्तर्षीची बाज आणि शुक्राची चांदणी त्याला ठाऊक होती. त्याच्याजवळ वही नव्हती एवढेच. त्याच्या नातवंडाच्या हाती आता वही आहे.

शिवाय वसतिगृह आणि आकाश यांचे नाते आपल्यासाठी केवळ छंदाचे नाही. मेघनाद साहा यांचा जन्म १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात एका लहान दुकानदाराच्या घरी झाला. त्यांची जात उच्चवर्णीयांच्या लेखी खालची होती. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकताना ते ईडन हिंदू वसतिगृहात राहिले. तेथे काही सहविद्यार्थ्यांनी त्यांच्या पंगतीला बसण्यास नकार दिला. त्याच साहांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे ताऱ्यांच्या प्रकाशपटावरून त्यांचे तापमान आणि घटकद्रव्ये यांचा अर्थ लावता येऊ लागला. ज्याच्या शेजारी जेवायला बसणे नको होते, त्याने दूरच्या ताऱ्यांचे अंतरंग वाचण्याची किल्ली जगाला दिली. बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात १९२५ मध्ये वसतिगृह सुरू केले, त्यामागे हीच जाण होती. मुलाला पोटभर जेवण आणि निर्भय झोप मिळाली, की त्याची नजर आपोआप वर जाते.

दुसरे नाव घेताना आमचा हात थरथरतो. रोहित वेमुला याला कार्ल सेगनप्रमाणे विज्ञानलेखक व्हायचे होते. हैदराबाद विद्यापीठातील या विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ रोजी आपले जीवन संपवले. जाताना लिहिलेल्या पत्रातही त्याला तारे आठवत होते. त्याला वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले होते आणि त्याने त्यापूर्वीच्या रात्री उघड्यावर काढल्या होत्या. आपल्या एखाद्या मुलामुलीच्या मनात असे स्वप्न असेल, तर ते आपल्या गच्चीवर त्यांच्या तोंडून वेळीच बाहेर यावे, त्याला ऐकणारे कोणी असावे, अशी आमची इच्छा आहे.

भयाची किंमतही समजून घ्यावी. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात आपल्या सीमेलगतच्या कलबुर्गी जिल्ह्यात, अपंगत्व जाईल या समजुतीने, काही अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवण्यात आले. गर्भवतीने ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, असे सांगून आपल्या घरांतही लेकी-सुनांना तासन् तास उपाशी आणि निश्चल बसवले जाते. वास्तविक बाळाचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडतो, पुष्कळदा घरात गोड बातमी कळण्यापूर्वीच. विळीचा त्याच्याशी संबंध नाही. उपवासाने आणि पाण्याविना राहण्याने मात्र अपाय होऊ शकतो.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे आम्ही काही ठोस गोष्टी ठेवतो. पहिली, दर अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी वसतिगृहाचे दिवे तासभर मालवून गच्चीवर आकाशदर्शन व्हावे. त्यासाठी सुरुवातीला दुर्बीण लागत नाही. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाचही ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात; कृत्तिका, मृग आणि व्याध ओळखण्यास एक हिवाळा पुरतो. दुसरी, १० बाय ५० क्षमतेची एक द्विनेत्री शाळेने घ्यावी. ती स्थिर धरली, तर गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चंद्र आपल्या मुलांनाही दिसतात. तिसरी, माजी विद्यार्थ्यांनी मिळून सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण भेट द्यावी. ही साधी, स्वस्त रचना लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोतील वेदान्त मठाचे संन्यासी होते. मठ सुटल्यावर ते फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवत. चौथी, पुण्यात १९४४ पासून काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळांशी शाळेने संबंध जोडावा. दोन शिक्षक आणि चार विद्यार्थी तेथून शिकून आले, की ते इतरांना शिकवतील. पाचवी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, ही गच्ची शेजारच्या गावालाही खुली असावी. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रहणात दारोदार दान मागितले, त्यांच्या मुलांनी त्याच दारांतील माणसांना बोलावून ग्रहण दाखवावे.

त्यासाठी एक तारीख ठरलेली आहे. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढ अमावास्या. त्या दिवशीचे सूर्यग्रहण दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून खग्रास दिसेल. इजिप्तमधील लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ झाकलेला राहील. आपल्याकडे ते दुपार कलल्यावर खंडग्रास असेल. वर्षावास सुरू झालेला असेल, ढगही असतील. न दिसण्याची तयारी ठेवून आपण गच्चीवर जावे. सूर्याकडे कधीही नुसत्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा क्ष-किरणाच्या फिल्ममधून पाहू नये. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित ग्रहणचष्मे आधीच मागवावेत. तेही नसतील तर सूर्याकडे पाठ करून भोजनगृहातील झारा उन्हात धरावा. जमिनीवर त्याच्या प्रत्येक छिद्राखाली एकेक चंद्रकोरीसारखा सूर्य उमटेल. त्या दिवशी स्वयंपाकघर बंद राहणार नाही. उलट, ग्रहण लागलेले असतानाच सर्वांनी गच्चीवर बसून चहा आणि पोहे घ्यावेत, असा आमचा प्रस्ताव आहे.

तापातून उठून चंद्रग्रहण पाहायला आलेल्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सांगितले, की ती रात्री जेवली, चंद्र लाल झालेला तिने पाहिला आणि ताप काही परत आला नाही. ती तेव्हा आठवीत होती. २०२७ च्या ऑगस्टमध्ये दहावीत असेल. त्या दिवशीही पालकांचे फोन येतील याची आम्हाला खात्री आहे. तिच्या आईचा आला, तर तो आम्ही तिच्याच हाती देणार आहोत.